बिनफोडणीचं घर

टायफॉइडमधून उठलेली चार वर्षांची नात आमच्याकडे अमरावतीला ठेवून लेक-जावई अकोल्याला नोकरीवर परत निघाले, तेव्हा मी लेकीला मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "तू बिनघोर जाय. पोरगी अशी गुटगुटीत करून देतो, का तुले वळखूच येनार नाही."

आजीने असं बोलू नये. कारण पोरगी जेवेचना. ताप गेला होता, पण जाताना तिची भूकही सोबत घेऊन गेला होता. मुगाचं पाणी झालं, साबुदाण्याची पेज झाली, मऊ खिचडी झाली. वाटी समोर आली की ती ओठ घट्ट मिटायची आणि डावा हात पाठीमागे लपवायची. दवाखान्यात सलाइनची सुई त्याच हाताला लावली होती. आणि तिथे कोणीतरी, मी नव्हे, हे आधीच सांगते, तिला धाक घातला होता की जेवली नाहीस तर पुन्हा सुई. पोरीने त्याचा आपला अर्थ लावला होता. वाटी आली म्हणजे मागून सुई येणार.

डॉक्टरांनी सोमवारी वजन बघायला बोलावलं होतं. आणखी उतरलं तर परत भरती करू, म्हणाले. ते ऐकल्यापासून माझ्याही घशाखाली घास उतरत नव्हता.

मग मी घरात कायदा केला. पोरीला तिखट चालत नाही, तर तिच्या डोळ्यांदेखत कोणी तिखट खायचं नाही. घरात फोडणीच बंद. लसूण नाही, मिरची नाही, तडतडणारी मोहरी नाही. लहान लेकरू आळणी खाणार आणि म्हातारा माणूस ठेचा कुटणार, हे माझ्या घरात होणार नव्हतं.

म्हातारा माणूस म्हणजे आमचे हे. जन्मभर एसटीत कंडक्टरकी केली, परतवाड्याच्या गाडीत उभ्याने डबे खाल्ले, पण हिरव्या मिरचीवाचून एक डबा उघडला नाही. दुसऱ्या दिवशी आळणी वरण-भाताकडे बघून म्हणाले, "बिमार कोन हाय या घरात?"

"तोंड मिटून जेवा," मी म्हणाले.

"तोंड मिटून कसं जेवू?"

मी त्यांच्या भातावर आणखी एक पळी आळणी वरण ओतलं.

शेजारच्या काकू बघायला आल्या आणि म्हणाल्या, नजर लागली असेल. मी शिकलेली बाई आहे, पण नातीच्या बाबतीत शिक्षण बाजूला ठेवते. मीठ-मिरच्या पोरीवरून ओवाळल्या आणि तव्यावर टाकल्या. आमच्याकडे म्हणतात, ठसका आला नाही तर समजायचं नजर होती. इथे तर असा ठसका उठला की मी, हे आणि काकू, तिघंही खोकत अंगणात पळालो. म्हणजे नजर नव्हती. पोरगी मात्र शिंकत शिंकत दारात आली. आठवड्यात पहिल्यांदा तिचे डोळे चमकले होते.

"आजी, भाजी केली का वं?"

"नाही रे माय, नजर काढली," म्हणून मी तिला आत नेलं आणि पेजेची वाटी पुढे केली. हात पाठीमागे गेला. एवढं ढळढळीत समोर घडलं, पण माझ्या डोक्यात काही उजेड पडला नाही. ह्यांच्या डोक्यात पडला असावा, कारण त्या दिवसापासून ते गप्प गप्प होते, आणि गप्प बसलेला कंडक्टर काहीतरी मनात धरून असतो.

रविवारी संध्याकाळी मी डाळिंबं आणायला बाजारात गेले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जायचं होतं आणि माझ्याजवळचे सगळे उपाय संपले होते. परत येताना फाटकाशीच पाय थबकला. लसणाची फोडणी! जिऱ्याची, लसणाची, आणि वर परतलेल्या बेसनाचा तो खमंग वास. ह्यांना जन्मात एकच पदार्थ येतो, तो म्हणजे बेसन. पुण्याकडचे त्याला पिठलं म्हणतात.

माझं डोकं फिरलं. चपला न काढता मी स्वयंपाकघरापर्यंत गेले. काय काय बोलायचं ते वाटेतच जुळवलं होतं. पोरगी तिकडे सुकून चालली आणि ह्यांना जिभेचे चोचले सुचतात, इथून सुरुवात करणार होते.

दोघं जमिनीवर, एका ताटासमोर बसलेले. सकाळची ज्वारीची भाकर ह्यांनी गॅसवर धरून कडक शेकली होती. पोरगी ती दोन्ही हातांनी मोडत होती. दोन्ही हातांनी. डाव्या हाताने भाकर दाबून धरलेली, उजव्याने पापुद्रा काढायचा, बेसनात बुडवायचा आणि तोंडात. गालाला पिवळं लागलेलं. तिचं खाणं थांबत नव्हतं.

"मिरची टाकली काय तुमी त्याच्यात?" एवढंच माझ्या तोंडून निघालं.

"बेसनात नाही टाकली. माह्या मिरच्या अलग तळल्या," असं म्हणत ह्यांनी बशी मागे सरकवली. "मी तिले बलावलंबी नाही. मी आपला खात होतो. तेच येऊन बसली अन् म्हने, आबा, मले कावून नाही देऊन राहिले?"

"तुमाले मी काय सांगतलं होतं?"

पोरीने वर पाहिलं. तोंडातला घास न गिळताच म्हणाली, "आजी, आबाले बोलू नको. त्याईले भूक लागली होती ना." मग एक तुकडा मोडून बेसनात बुडवला आणि माझ्यापुढे धरला. "तुलेबी लागली असन."

लागली होती. आठवडाभर लागली होती, आणि मलाच ते कळलं नव्हतं. मी डाळिंबांची पिशवी तिथेच टाकली, चपला काढल्या आणि बसले. ह्यांनी मुकाट्याने मिरच्यांची बशी माझ्याकडे सरकवली. माझा कायदा मी रद्द केला असं काही मी म्हणाले नाही. फक्त एक मिरची घेतली.

तेवढ्यात अकोल्याहून रोजचा व्हिडिओ कॉल आला. पोरीने बेसनाच्या हातानेच फोन धरला. लेकीला आधी मीच दिसले असणार. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि तोंडात घास होता, म्हणून बोलताही येत नव्हतं.

लेक घाबरली. "आई? काय झालं? तू रडून कावून राहिली? जेवली नाही का पोरगी?"

पोरीने फोन आपल्याकडे वळवला. तोंड भरलेलं होतं, तशीच म्हणाली, "थांब ना मम्मी. आमी जेवून राहिलो."