बागेची पावती

गेल्या दिवाळीपासून माझ्या छातीवरचा धोंडा उतरला आहे, म्हणून आता हे लिहायला हरकत नाही. आधी लिहिलं असतं तर निम्मं शिव्यांनीच भरलं असतं, आणि त्यातल्या बऱ्याचशा मला स्वतःलाच द्याव्या लागल्या असत्या.

सायखेड्याच्या रस्त्याला आमचं गाव. दीड एकरात शेवंती आणि झेंडू. रोजचा माल नाशिकला जातो, पण मंगळवारचा आठवडे बाजार गावातच भरतो आणि तिथं गोणपाट टाकून मी वीस वर्षं बसते आहे. बाजाराला लागूनच पंचायतीचं मैदान. कुणा जुन्या सरपंचानं तिथं बाग केली. कडेनं फरशीची वाट, चार बाकडी, खो-खोचे खांब, शाळेच्या गॅदरिंगला आणि भजनी मंडळाला एक ओटा. बाग झाली, पण पाण्याला आणि राखणदाराला पैसे कुठून आणायचे हे कुणी ठरवलंच नव्हतं. वरातीमागून घोडं, ही आमच्या गावची जुनी रीत.

मग ग्रामसभेत ठराव आला. बाजारात बसणाऱ्यांनी नेहमीच्या पावतीशिवाय दहा रुपयांची आणखी एक पावती घ्यायची, ते पैसे फक्त बागेला आणि ओट्याला. दिवाळीपर्यंत करून बघायचं. नाहीच जमलं, तर बाग मोडून दुकानांचे गाळे काढायचे. सगळ्यांत मोठ्यानं विरोध मी केला.

"आम्ही दिवसभर उन्हात तापायचं आन् लोकांनी आमच्या पैशावर हवा खायची? नाय द्यायचे पैसे!"

बाजारातल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ठराव तरीही मंजूर झालाच, पण त्या टाळ्यांवर मी आठवडाभर मिरवले.

आषाढात आमच्या ह्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात-पाय गेला, जीभ जड झाली. नाशिकच्या डॉक्टरांनी घरी सोडताना बजावलं, "रोज चालवा, सपाट जागेवर. पहिले काही महिने महत्त्वाचे, नंतर सुधारणा हळू होते." गावात सपाट जागा किती कमी असते हे मला तेव्हा कळलं. शेतात सऱ्या आणि बांध, गल्लीत उखणलेले दगड, रस्त्यावर ट्रॅक्टर. राहिली ती बागेची फरशी. जिला मी भर सभेत नाक मुरडलं, तिथंच मी त्यांच्या कमरेला हात घालून एकेक पाऊल टाकून घेऊ लागले. फार लाज वाटायची. आधी चार पावलं, मग एक बाकडं ते दुसरं बाकडं. गणपतीपर्यंत अर्धा फेरा झाला. हे बोलायचे नाहीत, पण संध्याकाळ झाली की दाराकडं बघत बसायचे.

नवरात्र संपलं आणि राखणदारानं सांगितलं, "वहिनी, दिवाळीनंतर कुलूप लागतंय. बाजारातून पैसाच येत नाय."

तशीच उठून पंचायतीत गेले. तिथल्या क्लार्कनं वही समोर सरकवली. हा तालुक्याहून नवीन आलेला, इस्त्रीच्या शर्टातला, वागायला गरीब माणूस. वहीत प्रत्येकाच्या नावापुढं एकच शब्द होता, 'नकार'. माझ्याही नावापुढं, दर मंगळवारी.

मी तडकले. "कधी नकार दिला रे मी? हे आजारी पडल्यापासनं दहाची नोट काढून ठेवलेली असती माझी!"

"मावशी, दर बाजाराला येतो मी. साडेआठ वाजता, दहाला इथं हजेरी असते म्हणून. तुम्ही वर बघतसुद्धा नाही. 'पुढं व्हा' म्हणता."

साडेआठ वाजता! मी कपाळावर हात मारला.

आमच्यात भवानी झाल्याशिवाय, म्हणजे दिवसाची पहिली विक्री झाल्याशिवाय, कुणी पिशवीतून पैसा काढत नाही. चहावाल्यालासुद्धा नाही. भवानी मी मोबाईलवर घेत नाही, नोटच लागते; कपाळाला लावायची ती काय मोबाईलची काच लावू? नेहमीची पावती फाडणारा माणूस बाजारातच लहानाचा मोठा झालेला, तो बरोबर चारनंतर येतो. आणि हा शहाणा सकाळी साडेआठला. 'पुढं व्हा' हे आमच्या तोंडातून आपोआप निघतं, समोर कोण उभं आहे हे न बघता.

"अरे, हा नकार नाय," मी म्हणाले, आणि मला हसू आणि रडू एकदमच आलं. "भवानी व्हायची होती आमची!"

"मग तसं सांगायचं ना."

"हे काय सांगायचं असतं?"

दिवाळीआधी दोनच बाजार उरले होते. त्याला मी दोन्ही मंगळवारी साडेचारला बोलावलं आणि त्याच्याबरोबर दुकानं फिरले. सिन्नरहून येणारा कांदेवाला मला बघून खदखदून हसला. "का हो ताई, आम्हाला टाळ्या वाजवायला लावल्या, आन् आता तुम्हीच वसुलीला?"

"माझे शब्द मी गिळले," मी म्हणाले. "तुम्ही दहा रुपये काढा."

त्यानं काढले. शेजारच्या कोथिंबीरवाल्या म्हातारीनं तर कमरेची चंची उघडून दहा-दहाच्या नोटांची घडीच पुढं केली. "परत्येक बाजाराची ठेवली व्हती बाई. दिवस मावळंपर्यंत वाट बघायची. कुणी येईना, मला वाटलं, पंचायतीनं माफ केलं."

ग्रामसभेत बाग ठेवायची ठरली. हात वर करायला सांगितल्यावर माझा पहिला, आणि सगळी सभा हसली. खुशाल हसा म्हटलं. घरी येऊन ह्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. किती महिन्यांनी मला पोटभर जेवण गेलं.

दिवाळीनंतरचा पहिला मंगळवार. सण झाल्यावर फुलांना कुत्रं विचारत नाही. नऊ वाजून गेले तरी माझी भवानी नव्हती. ह्यांना बागेत राखणदाराजवळ सोडलं होतं, भवानी झाली की घ्यायला जायचं असं ठरलेलं. सहज मान वर केली तर दोन दुकानांच्या मधून काठी टेकत हेच येत होते. एकटे. मी उठणार, तेवढ्यात शेजारच्या म्हातारीनं माझा पदर धरून मला खाली बसवलं.

माझ्या गोणपाटासमोर येऊन उभे राहिले. काठी डाव्या काखेत धरली आणि उजवा हात, तो गेलेला हात, खिशात घातला. फार वेळ लागला. अखेर दहाची चुरगळलेली नोट बाहेर आली.

"शेवंती," ते म्हणाले. "दहाची."

नोट कपाळाला लावली, डोळ्यांना लावली आणि पिशवीच्या तळाशी ठेवली. शेवंती कागदात बांधून त्यांच्या डाव्या हातात दिली.

ऑफिसला निघालेला क्लार्क रस्त्यावरूनच ओरडला. आता ती त्याची माझी दर बाजारची थट्टाच झाली आहे. "मावशी, झाली का भवानी?"

"झाली!" मी ओरडले. "ये, फाड पावती."