मनोरीच्या ट्रंकेत काय होतं

मार्वेच्या धक्क्यावरून होडीत पाय टाकताना माझा जीव हातातल्या पेटीत अडकला होता. आमच्या मुलुंडच्या दवाखान्यातली एकुलती एक दुर्बीण तिच्यात होती, पोटात सोडून आतलं बघायची लवचीक नळी. ऐंशीच्या दशकात तिला पडदा नसायचा, एक डोळा मिटून भिंगातूनच बघायचं.

"सिस्टर, खारं पाणी लागलं तर वाट लागेल," डॉक्टर साने म्हणाले.

मनोरीच्या कोळीवाड्यात, आम्हाला बोलावून घेणाऱ्या हिराबाईंनी आधी भाकरी आणि जवळा (वाळवलेली बारीक कोळंबी) पुढे केला. कोपऱ्यात ट्रंक होती. हिराबाईंचे वडील बोटीवर खलाशी होते. त्यांनी इजिप्तच्या बंदरातून एक ममी, म्हणजे फडक्यांत गुंडाळलेलं सुकं प्रेत, आणलं होतं. निदान विकणाऱ्याने तसं सांगितलं होतं. पक्ष्यांची हाडं गुंडाळूनही अशी गाठोडी विकत असत. आत खरंच माणूस आहे का, तेच आम्ही नळीने बघणार होतो.

हिराबाईंचा भाऊ काशिनाथ दारातच उभा होता. "दोन वर्षं जाळ्यात मासळी नाय. भरती आली की बला समुद्रात टाकतो."

"माणूस असला तर?" हिराबाईंनी विचारलं.

"बघू द्या त्यांना. पण चिंधी फाटली तर तिथंच थांबायचं."

ट्रंक उघडली. गाठोड्याच्या बगलेपाशी उंदराने कुरतडलेलं भोक होतं. डॉक्टरांनी त्यातूनच नळी आत सारली. मी बॅटरीचा दिवा धरून बसले. बाहेर पाणी चढत होतं, काशिनाथची होडी हलू लागली होती.

"छाती पोकळ आहे. फासळ्या दिसतायत," डॉक्टर पुटपुटले. "वर जातो." आणि थांबले. "अडकली."

प्रेत टिकवायला आत ओतलेल्या, आता वाळलेल्या डिंकात टोक रुतलं होतं. ओढलं तर फडकं फाटणार, नळीही तुटणार. मी नळी हातात घेतली आणि दोन बोटांत हळूहळू पिळत राहिले. एक धागा तुटला. काशिनाथ पुढे आला. तेवढ्यात टोक सुटलं आणि वर सरकलं.

डॉक्टरांनी पुन्हा भिंगाला डोळा लावला. मग त्यांनी काशिनाथला हाक मारली. "तुम्हीच बघा."

तो गुडघ्यांवर बसला, भिंगाला डोळा लावला.

"दात," तो म्हणाला. "बारके."

"दुधाचे. पाच-सहा वर्षांचं असेल."

काशिनाथने डोक्यावरची टोपी काढली. "आमच्यात एवढ्या लेकराला पुरतात," तो बहिणीला म्हणाला, "पाण्यात नाय टाकत."

डॉक्टरांनी भीतभीतच विचारलं, पुरण्याआधी मालाडला एक एक्स-रे काढू द्याल का? बहीण-भावाने एकमेकांकडे पाहिलं.

"उद्या सकाळी परत," हिराबाई म्हणाल्या. "काशा, तू बरोबर जा."

परतीच्या होडीत ट्रंक काशिनाथच्या मांडीवर होती. मार्वेला टॅक्सीवाल्याने डिकी उघडली.

"डिकीत?" काशिनाथ ओरडला. "माणूस हाय तो!"

ट्रंक आम्ही मागच्या सीटवर, काशिनाथच्या आणि माझ्या मध्ये ठेवली. आयुष्यात हजारदा त्या भिंगातून पाहिलं असेन. आत कुणाचं तरी लेकरू असतं, हे त्या दिवशी मला एका कोळ्याने दाखवलं.