अल्पशा आजाराने

आमच्या वासंती मॅडमबद्दल देऊळगाव राजात लोक दोन गोष्टी बोलतात. एक, सख्खा भाऊ गेला तरी ही बाई रडली नाही. दोन, पोटच्या मुलीचं ठरलेलं लग्न हिनं स्वतःच्या तोंडानं अडवलं. दोन्ही खरं आहे. पण बोलणाऱ्यांना अर्धंच माहीत असतं आणि जीभ मात्र अख्खी असते, म्हणून मी लिहायला बसले. मी समता. मॅडम सव्वीस वर्षं ज्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवतात, तिथली प्रयोगशाळा सहायक. रोज बीबी गावाहून एसटीनं येते.

पेशी आपल्या डीएनएची नक्कल कशी करते, हा धडा बारावीला आला की मॅडम फळ्यावर एक उतारा लिहायच्या. ए, टी, जी, सी, चारच अक्षरं, उलटसुलट, फळा भरेपर्यंत. पहिल्या बाकावरच्या मुलीनं तो उतरवायचा. लिहिता लिहिता चूक दिसली तर तिनंच खोडायची. मग शेजारणीनं ती वही लाल पेन घेऊन फळ्याशी ताडायची. तेवढं करूनही एखादी चूक सुटायचीच आणि वर्ग हसायचा.

"एकेका पेशीत अशी सहाशे कोटी अक्षरं असतात," मॅडम सांगायच्या. "एका पेशीच्या दोन व्हायच्या आधी सगळी उतरवावी लागतात. उतरवणारं एन्झाइम लाखात एखादी चूक करतं आणि बहुतेक वेळा लगेच मागे सरून स्वतःच खोडतं. त्यातूनही सुटतात त्यांच्यासाठी मागून दुरुस्ती करणारे येतात. जुना धागा कोणता आणि नवा कोणता हे त्यांना ओळखता येतं. नव्यातला चुकीचा तुकडा कापायचा आणि जुन्यावरून परत लिहून घ्यायचा."

"आणि दुरुस्ती करणारेच बिघडले तर?" दरवर्षी कोणीतरी विचारायचंच.

"तर चुका साठत जातात. आतड्याचं अस्तर सारखं नवं होतं, म्हणून तिथे लवकर. मग कॅन्सर होतो." एवढं बोलून मॅडम हाताचा खडू झटकायच्या आणि पुढचा मुद्दा घ्यायच्या.

मेहकरला त्यांचे धाकटे भाऊ भालचंद्र राहायचे. शौचाला रक्त जायला लागलं तेव्हा सगळ्यांनी मूळव्याध ठरवली. कोणीतरी एका जडीबुटीवाल्याचा पत्ता दिला. वर्षभर चूर्ण घेतलं, तिखट सोडलं. शेवटी पोट फुगलं तेव्हा संभाजीनगरला नेलं. मोठ्या आतड्याचा कॅन्सर, यकृतापर्यंत गेलेला. एकोणपन्नासाव्या वर्षी गेले.

पेपरातल्या निधनवार्तेचा मजकूर मॅडमनीच सांगितला. 'यांचे अल्पशा आजाराने निधन झाले.' चौदा महिने माणूस झिजला आणि म्हणे अल्पशा! पण आपल्याकडे तसंच छापतात. कोणाला काही खटकत नाही, मॅडमनाही खटकलं नाही. तेराव्यानंतर तिसऱ्या दिवशी त्या प्रात्यक्षिक परीक्षेला हजर. मुलींना सूक्ष्मदर्शक लावून दिला, गुण भरले.

"काहीच वाटत नाही गं," मला म्हणाल्या. "दात काढताना सुई देतात ना, तशी झालीय मी. चावलं तरी कळणार नाही."

मधल्या सुट्टीत त्यांनी डबा उघडायचा, दोन घास खायचे आणि बंद करायचा. मला राग यायचा. बाईनं एकदा तरी ओरडावं, आदळआपट करावी असं वाटायचं.

महिन्याभरानं माहेरी गेल्या तेव्हा भिंतीवर लावायला भावाचा फोटो शोधत होत्या. पेटीत जुनी कात्रणं सापडली. वडील, वय सेहेचाळीस, अल्पशा आजाराने. काका, एक्कावन्न, अल्पशा आजाराने. आत्या, त्रेचाळीस, अल्पशा आजाराने. वडिलांचं आणि काकांचं त्यांना माहीत होतं, पोटाचंच काहीतरी होतं. आत्याचं माहीत नव्हतं. त्यांनी आईला, रुक्मिणीबाईंना विचारलं.

"बायकांचं दुखणं होतं," आई म्हणाल्या.

"नीट सांग ना."

"पिशवीचा कॅन्सर होता तिले. तवा तुझंच पाहून राह्यलो होतो आम्ही. घरात असं आहे म्हटलं असतं, तर कोणं करून घेतलं असतं तुले?"

मॅडमनी ती तिन्ही कात्रणं ओळीनं मांडली आणि शेजारी भावाचं चौथं ठेवलं. आतडं आणि गर्भाशय. दुरुस्तीच्या जनुकात दोष असला की नेमकं हेच दोन्ही एका घरात दिसतं, हे त्यांना पाठ होतं. सव्वीस वर्षं फळ्यावर लिहिलं आणि आपल्या घराशी ताडून कधी पाहिलं नाही. भाऊ चूर्ण खात होता तेव्हा फोनवरून पथ्यसुद्धा यांनीच विचारलं होतं. हे सांगतानाही त्यांचा आवाज हलला नाही.

मग त्यांनी रक्त तपासून घेतलं. दोष निघाला. या जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. मॅडमची बापाकडची प्रत जन्मापासून बिघडलेली. दुसरी काम करते म्हणून निभतं. एखाद्या पेशीत तीही गेली की चुका धरणारं कोणी उरत नाही. संभाजीनगरला दुर्बिणीनं तपासलं तेव्हा आतड्यात दोन लहान कोंब, म्हणजे पॉलिप, मिळाले. अजून कॅन्सर नव्हता. तिथल्या तिथे काढून टाकले. दरवर्षी अशी तपासणी करत राहिलात तर वेळेवर सापडेल, असं डॉक्टर म्हणाले. भालचंद्ररावांनाही कोणी हे वेळेवर सांगितलं असतं, तर ते आज असते.

आता प्रश्न श्रद्धाचा. मॅडमची एकुलती मुलगी, पंचवीस वर्षांची. आईचा दोष तिच्यात उतरला असण्याची शक्यता निम्मी. आणि तिचा खामगावच्या देवेशशी साखरपुडा होऊन दोन महिने झालेले.

"आई, लग्न होऊन जाऊ दे. मग करते टेस्ट," श्रद्धा म्हणाली.

मॅडमचे यजमान म्हणाले, तुला योग्य वाटेल ते कर. असं म्हणून ते पेपर वाचायला लागले.

मॅडमनी खामगावला फोन लावला. माझ्यात हा दोष आहे, श्रद्धात असेल किंवा नसेल, तुम्हाला माहीत असावं. मी समोर बसले होते. फोन ठेवल्यावर मला राहवलं नाही.

"मॅडम, काऊन सांगतलं तुम्ही? पोरीचं वाटोळं होईल ना!"

"समता, माझं लग्न आत्याचं झाकून झालं. झाकलं नसतं तर भालचंद्रला चूर्ण कोणी दिलं नसतं."

खामगावचे लोक सभ्य. त्यांनी लग्न मोडलं नाही, फक्त 'थोडं थांबू' म्हणाले. म्हणजे काय ते आपल्याला कळतंच. श्रद्धानं आईशी बोलणं टाकलं. रक्त मात्र देऊन आली. रिपोर्ट यायला पाच आठवडे लागले. एका घरात दोघी, ताट वाढलं जायचं, उचललं जायचं, शब्द नाही.

रिपोर्ट आला. श्रद्धात दोष नव्हता. मी पेढे घेऊन गेले. मॅडमनी एक घेतला आणि हातातच धरून ठेवला.

"आनंद व्हायला पाहिजे ना मला?" त्यांनी मलाच विचारलं.

दोन दिवसांनी देवेशच्या आईंचा फोन आला. आवाजात साखरच साखर. आता काही अडचण नाही म्हणाल्या. फक्त जवळच्या सात घरी कुजबुज पोचली आहे, त्यांना दाखवायला रिपोर्टच्या झेरॉक्स पाठवा. "आणि विहीणबाई, वर ती तुमच्याबद्दलची ओळ आहे ना, ती दिसली नाही तर बरं. उगाच चर्चा होते."

ती ओळ म्हणजे तपासणीचं कारण. 'आई वासंती हिच्यात दोष आढळल्यामुळे.'

मॅडम 'बरं' म्हणाल्या. ज्या बाईनं दोन पिढ्यांचं झाकण काढलं, ती बरं म्हणाली! कॉलेज सुटल्यावर बसस्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे आम्ही दोघी गेलो. मॅडमनी पांढऱ्या कागदाची पट्टी कापली, आपल्या नावाच्या ओळीवर नीट बसवली आणि सात प्रती काढल्या. मी खूप बोलले. त्यांनी प्रती मोजून पिशवीत घातल्या. "मुलीचं होऊ दे," एवढंच म्हणाल्या.

मी त्यांच्याबरोबर घरापर्यंत गेले. घरी श्रद्धा होती. पिशवीतून तिनं एक प्रत काढली, वाचली आणि वरची कोरी जागा पाहून थबकली.

"हे कोणी केलं?"

"त्यांनी सांगितलं. आणि मी केलं," मॅडम म्हणाल्या.

श्रद्धानं टेबलावरचं पेन घेतलं. कोऱ्या जागेत लिहिलं, 'आई वासंती हिच्यात दोष आढळल्यामुळे.' मग दुसरी प्रत घेतली, मग तिसरी. मूळ रिपोर्ट शेजारी ठेवून, अक्षर अन् अक्षर पाहून लिहीत होती.

"लग्न राहून जाईल बघ," मॅडम म्हणाल्या.

"राहू दे. तुझ्यामुळे तर मी तपासलं. तूच यात नसलीस तर हा रिपोर्ट माझा कसा?" पाच-सहा आठवड्यांनी ती आईशी बोलत होती आणि बोलताना मान वर केली नाही.

पाचव्या प्रतीवर मॅडमच्या तोंडून एक आवाज निघाला. मला वाटलं ठसका लागला, म्हणून मी पाणी आणायला उठले. त्या भालचंद्ररावांचं नाव घेऊन रडत होत्या. श्रद्धानं पेन खाली ठेवलं आणि आईला जवळ घेतलं. उरलेल्या दोन प्रतींवर मीच लिहिलं.