दगडावरचं 'सिलार'

"छापायचं थांबवा," चौगुले गुरुजी म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. म्हणूनच मी खुर्चीतून उठलो.

कोल्हापूरच्या एका छापखान्यात मी मुद्रितशोधक होतो. म्हणजे प्रूफरीडर. गुरुजी राधानगरीकडच्या शाळेतून निवृत्त झालेले. गावाचा इतिहास लिहायला त्यांनी नऊ वर्षं घातली होती. त्याचा चौथा फर्मा, म्हणजे एका कागदावर एकदम छापली जाणारी सोळा पानं, छापून झाला होता. त्यातलं एक पान त्यांच्या हातात होतं.

"हे 'शिलाहार' कुणी केलं?"

"मी. तुमच्या हस्तलिखितात कुठं शिलाहारकाळ, कुठं सिलार. एका पुस्तकात एका राजघराण्याच्या नावाचं स्पेलिंग एकच ठेवतो आम्ही. कॉम्प्युटरवर सगळीकडं एकदम बदललं."

"माझ्या वाक्यात बदला की. हे माझं वाक्य न्हाय. शिलालेखाचं वाचन हाय, अवतरणचिन्हांत दिलेलं."

त्यांनी पिशवीतून गुंडाळी काढून टेबलावर उलगडली. शिलालेखाचा ठसा होता. ओला कागद दगडावर ठोकून बसवतात, वाळत आला की वर शाई फिरवतात. खोदलेली अक्षरं पांढरी राहतात. मी भिंग लावून पाहिलं. सि. ला. र. शंकेला जागा नव्हती.

"खोदणाऱ्याची चूक असेल, गुरुजी."

"असंल. शिलाहार म्हंजे काय, सांगा बघू."

"शिळेवरचा आहार. नागाला वाचवायला जीमूतवाहनानं गरुडापुढं शिळेवर स्वतःचा देह ठेवला. हे राजे त्याचे वंशज."

"ती गोष्ट नावाला मागनं जोडली असंल तर? आधी लोक सिलार म्हणत असतील, मग दरबारच्या पंडितानं त्याचं शिलाहार केलं असंल. मी खात्री देत न्हाय. पर कुणाला तपासायचं झालं तर अक्षर हाय तसं पाहिजे."

"मग दगडाचा फोटो टाकू."

गुरुजी ठसा परत गुंडाळू लागले.

"देवळाचं काम काढलं गावानं. दगड उजळ दिसावा म्हणून मशीन फिरवली. पार गुळगुळीत केला. मी त्या दिवशी लेकीकडं आजऱ्याला गेलतो."

मग मला कळलं मी काय पुसलं होतं ते. एकदा मशीननं, एकदा मी.

मी मालकांकडं गेलो. फर्मा पुन्हा छापा म्हणालो.

"रविवारी प्रकाशन हाय, शेवटचा फर्मा झाला की मशीनवर लगेच दुसरं काम चढतंय. शेवटी शुद्धिपत्र टाका."

"शेवटचं पान कोण वाचतंय? त्याच पानावर चिठ्ठी चिकटवतो."

मी मजकूर लिहिला : 'मूळ शिलालेखात सिलार असे आहे. येथील बदल मुद्रितशोधकाचा आहे, लेखकाचा नाही.'

मालकांनी तो दोनदा वाचला. "प्रेसचं नाव खराब हुतंय."

"प्रेसचं नाव नाही त्यात. माझं काम आहे."

शेवटचा फर्मा अजून छापायचा होता. त्यात ठशाचं चित्र घातलं. पाचशे चिठ्ठ्या मी दोन दिवस बसून चिकटवल्या. दुसऱ्या दिवशी गुरुजी आले, समोर बसले आणि डिंकाची वाटी मध्ये ओढून घेतली. ते रागावले होते का, हे मी विचारलं नाही.

पुढच्या वर्षी गुरुजी गेले. त्यानंतर काही वर्षांनी एका विद्यार्थिनीचा फोन आला. जुन्या घराण्यांच्या नावांवर काम करत होती. चिठ्ठी वाचून तिला मूळ ठसा पाहायचा होता. मी गुरुजींच्या मुलीचा पत्ता दिला.

त्या पुस्तकानंतर निवृत्त होईपर्यंत अवतरणचिन्हांतला मजकूर मी पेन खाली ठेवून वाचला.