शर्ट काढा, पोच वाढेल

“शर्ट काढा काका. फार स्वच्छ दिसताय.”

सफाई कामगारांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या ताई म्हणाल्या. पंचवटीतली गल्ली, भर दुपार. आज आपलं कुणीतरी ऐकणार म्हणून मी मुद्दाम इस्त्रीचा शर्ट घातला होता.

त्याच गल्लीतल्या गटाराच्या चेंबरमध्ये माझा धाकटा भाऊ गुदमरून मेला होता. आम्ही दोघंही गटारं साफ करायचो. दोर नाही, मास्क नाही. ठेकेदार म्हणाला, प्यायलेला होता. खोटं. मी सगळं लिहून काढलं आणि गंगापूर रोडला ताईंच्या ऑफिसात नेऊन दिलं. मी उठलो की शिपाई खुर्ची पुसायचा. दिसायचं मला. तरी जायचो. घरोघरी इंटरनेट नुकतंच येत होतं, संस्थेने तिथे आपलं पान उघडलं होतं, आणि त्यावर माझं लिहिलेलं जाणार होतं.

गेलं. कुणी वाचलं नाही. मग त्यांनी भावाचा फोटो टाकला. थोडे लोक आले. मग भावजयीचा, मांडीवर पोर घेतलेला. पुष्कळ आले. ताई खूश.

“बघा काका, लेख चालत नाही. फोटो चालतो. व्हिडिओ तर पळेल.”

म्हणून ती दुपार. शर्ट मी काढला. कॅमेरावाल्याने चिखल आणला, तोही हातांना फासून घेतला. भावजयीला चेंबरच्या झाकणाशी बसवलं. नवऱ्याचं नाव घेताच ती रडली. तेवढ्यात मागे रिक्षाचा हॉर्न वाजला.

“आवाज खराब झाला. परत एकदा.”

तिने माझ्याकडे पाहिलं. “दादा, परत रडू का?”

मी मान हलवली. रड म्हणून. ती मान माझी होती, संस्थेची नाही.

ती रडली. मग ताई माझ्याकडे वळल्या. “आता तुम्ही खाली उतरा. कमरेपर्यंतच. आणि ठेकेदाराचं नाव नका घेऊ, ते आपले देणगीदार आहेत. पण उतरा. त्याशिवाय लोकांपर्यंत पोच नाही.”

मी मागे सरलो. गटारापासून आजवर कधी सरलो नव्हतो.

“पोच तुम्हालाच नाही, ताई.”

“अहो, तेच तर म्हणतेय मी!”

त्यांना कळलंच नाही. भावजयीला कळलं. ती पदराआड फिस्सकन हसली. तसल्याच हातांनी मी तिला उठवलं आणि आम्ही निघालो.

व्हिडिओ त्यांनी टाकलाच. तिचं ते दुसरं रडणं. खाली लिहिलं, ‘दारूने संसार उद्ध्वस्त’. पळाला तो. लोक हळहळले, वाहवा संस्थेची झाली. आणि मी इतकी वर्षं तोंड उघडलं नाही, कारण त्यात माझेही चिखलाचे हात दिसतात.

आता उघडतो. माझा भाऊ प्यायलेला नव्हता. त्याला दोर दिला नव्हता. ठेकेदाराचं नाव मी चौकात उभा राहून घेतो. चार जण थांबतात, कधी एकही नाही. घेतो. आणि आमच्या वस्तीतल्या कुणाला खाली उतरवायला कोणी आलं, की मी झाकणावर जाऊन बसतो. उठवून दाखवा.