एकाच आईची रोपं

रोपवाटिकेत तिला सगळे आत्या म्हणत, अगदी साहेबसुद्धा. तिथे तिचं भाचरू एकही नव्हतं, पण दरारा आत्याचाच. कोणी रोपांवर पाण्याची धार जोरात सोडली की ती लांबूनच ओरडायची आणि मग येऊन त्याच्या हातातली नळीच काढून घ्यायची.

तिची उमेदीची सगळी वर्षं एका झाडापायी गेली. तांबड्या सालीचं, उंच, दाट जंगलाबाहेर कुठे न तगणारं झाड. त्याची फार थोडी झाडं उरली होती, आणि त्यांची पुढची पिढी वाढवायचं काम आत्याच्या गळ्यात होतं. गळ्यात म्हणजे तिने ते हौसेने घालून घेतलं होतं.

बी आणायचा दादा, तिचा सख्खा थोरला भाऊ. आईवडील लवकर गेले, तेव्हा त्यानेच तिला वाढवलं आणि पुढे इथे कामाला चिकटवलं. दोर टाकून झाडावर चढण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. कामाची रीत ठरलेली होती. प्रत्येक झाडाचं बी वेगळ्या पिशवीत, आणि पिशवीच्या तोंडाला त्या झाडाच्या रंगाचा दोरा. वाटेवरच्या झाडाचा लाल. डोंगरमाथ्यावरच्या झाडांचे पिवळा, निळा, हिरवा असे. वाफेही वेगळे. जंगलात रोपं लावताना आत्या लालशेजारी लाल येऊ द्यायची नाही. जवळच्या नात्यातल्या झाडांचा आपसात संकर झाला की पुढची पिढी दुबळी निपजते, हे प्रयोगशाळेतल्या मॅडमनी तिला समजावलं होतं, आणि ते तिने इतकं मनावर घेतलं होतं की मजूर म्हणायचे, आत्या रोपांची स्थळं बघतेय.

मोसमात दादा डबा घेऊन माथ्याकडे निघायचा तो दोन दिवसांनी उगवायचा. तेवढा वेळ आत्याचा जीव टांगणीला लागलेला. घास घशाखाली उतरायचा नाही. तो पिशव्या घेऊन दारात दिसला की ती आधी त्याचे हातपाय बघायची, मग पिशव्या.

एकदा ती सहज म्हणाली होती, "दादा, पिवळ्याची आणि लालची रोपं अगदी सारखी दिसतात रे."

"म्हणजे मी खोटं बोलतो?" असं म्हणून त्याने जो अबोला धरला, तो तिने माफी मागेपर्यंत सोडला नाही. तिने मागितली. माफी मागताना ती रडलीही होती.

यंदा तिने लावलेल्या पहिल्या झाडांना फळं धरली. आत्या स्वतः गेली. एक फळ फोडलं, आत बी पोकळ. दुसरं फोडलं, तेही तसंच. मॅडमनी पानं तपासायला नेली आणि निकाल सांगायला स्वतः आल्या.

"आत्या, ही सगळी एकाच झाडाची लेकरं आहेत. वाटेवरच्या."

"सगळी म्हणजे? पिवळ्या दोऱ्याचीसुद्धा?"

"सगळ्या दोऱ्यांची."

"तुमचं यंत्र चुकलं असेल."

"मलाही तसंच वाटलं. म्हणून पुन्हा तपासलं. पण माथ्यावरची झाडं आहेत ना? त्यांचं बी मिळालं तर अजून सावरता येईल. नाहीतर ही जात संपल्यात जमा आहे."

आत्या तशीच तडक दादाच्या घरी गेली. तो दारात खुर्ची टाकून बसला होता. तिने मॅडम काय म्हणाल्या ते सांगितलं. त्याने आढेवेढे घेतले नाहीत.

"पहिल्याच मोसमात दोर सुटला," तो म्हणाला. "कमरेवर आपटलो. नंतर वर बघितलं तरी हातपाय गळायचे. वाटेवरच्या झाडाची फळं खालीच पडतात. तीच वेचून सगळ्या पिशव्यांत घालायचो."

"आणि ते दोन दिवस?"

"खालच्या वस्तीत मित्राकडे. पत्ते खेळायचो."

आत्याच्या डोळ्यांपुढे तिने बांधून दिलेले डबे आले. तिने ते मागे सारले. "जाऊ दे. माथ्यावरची झाडं कुठे आहेत तेवढं सांग. मी माणूस घेऊन जाते."

"तिथे दगडाची खाण झाली. तोडली ती."

"कधी?"

"झाली चार-पाच वर्षं."

"गेल्या मोसमात तू मला पिवळ्या दोऱ्याची पिशवी दिलीस. मेलेल्या झाडांचं बी आणून दिलंस तू मला. तोडणार आहेत हे तुला आधी कळलं होतं?"

"मित्रच म्हणाला होता. फळं लगडली होती तेव्हा."

"मग मला का नाही सांगितलंस? मी धावत गेले असते. पोतंभर बी वेचून आणलं असतं."

"तू तिथे आली असतीस तर मी इतकी वर्षं तिकडे फिरकलोच नाही, हे तुला कळलं असतं. तुझ्यासमोर कसं म्हणणार होतो, मला भीती वाटते म्हणून?"

बहिणीच्या नजरेतून उतरायला नको, एवढ्यासाठी त्याने ती झाडं जाऊ दिली होती. आत्याला रडू आलं नाही. संताप आला.

"चढायला दुसरा कोणीही मिळाला असता, दादा," ती म्हणाली. "तू पडलास तेव्हा घरी आला असतास, तर मी तुझी कंबर शेकली असती."