बेसुमार काढणी

आत्या चाळीस वर्षं खाडीच्या तोंडाशी कालवं काढत आली. ओहोटी लागली की खडकावर उकिडवं बसायचं, छोट्या कोयत्याने शिंपला उचकटायचा, आतला गर डब्यात टाकायचा. बोटांवर इतक्या चिरा, की बँकेतलं यंत्र तिचा अंगठा ओळखायचं नाही. "अंगठा खडकावर राहिलाय, तिकडून घेऊन या," असं ती कारकुनाला ऐकवायची.

गेल्या उन्हाळ्यात समुद्र तापला. आठवडाभर खडकाला हात लावणं मुश्कील झालं. आठव्या दिवशी मी तिच्याबरोबर गेलो तर सगळे शिंपले आ वासून पडलेले, आत कुजका लगदा. आत्याने शंभरएक तरी उलटेपालटे करून पाहिले.

महिन्याभराने मत्स्य खात्याचे साहेब आले. शाळेच्या वर्गात कालवं काढणाऱ्या बायकांना बसवून त्यांनी अहवाल वाचला. बायकांनी बेसुमार काढणी केल्यामुळे कालवं संपली, सबब दोन वर्षं खडकावर बंदी. त्याऐवजी शिवणकाम शिकवणार.

आत्या उठली. "आम्ही मोठी तेवढी काढतो, पिल्लांना हात लावत नाही. मग पिल्लं कशी मेली?"

"मावशी, शास्त्रीय पाहणी झाली आहे."

"कधी?"

"गेल्या महिन्यात."

"म्हणजे सगळं मेल्यावर. आणि पाणी किती तापलं होतं, ते मोजलंत?"

"ते आमच्याकडे येत नाही. दुसरं खातं बघतं."

"वा. मढी मोजायला तुम्ही, आणि मारलं कुणी ते दुसरं खातं बघणार. जगभराचा धूर ज्यांनी सोडला त्यांना कोण विचारतं? चोर आम्ही. माझ्या एवढ्याशा कोयत्याने समुद्र उकळला का, साहेब?"

साहेबांनी सह्यांचा कागद पुढे सरकवला. एकाही बाईने सही केली नाही. बंदी तरीही आलीच.

आता आत्या कारखान्यात बर्फगार टेबलाशी उभी राहून कुठल्या तरी लांबच्या तळ्यातली कोळंबी सोलते. सुट्टीच्या दिवशी मात्र खडकावर जातेच. परवा मीही गेलो. खडकाला नखाएवढी नवी कालवं चिकटली होती.

"आत्या, बघ, परत आली," मी म्हटलं.

"येऊ देत. उन्हाळ्यात हीही शिजणार," ती म्हणाली. "आणि दोष कुणाच्या नावावर लिहायचा, ते त्यांचं आधीच ठरलंय."

काठावरून रखवालदार ओरडत होता, खडकावर बंदी आहे म्हणून. आत्याने त्याच्याकडे पाठ केली.